नणदेच्या जावयाचा भाचा

बडनेऱ्याहून अकोल्याला लग्नाला निघालो होतो. सोमवारी नोकरीची मुलाखत, म्हणून मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यात जावास्क्रिप्टचं फंक्शन कंपोझिशन. एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं, एवढाच कारभार. पण लिहायचं उलटं. जे आधी चालणार ते सगळ्यात आत. ब्रेंडन आइकनं १९९५ साली ही भाषा म्हणे दहा दिवसांत उभी केली. आमच्याकडे तेवढ्यात पत्रिकाही वाटून होत नाहीत.

शेजारच्या आजीनं डोकावून विचारलं, "काय करून रायला रे बाबू? कोठी चालला?"

"अकोल्याले, लग्नाले."

"मीबी थेच! नवरदेव माह्या नणदेच्या जावयाचा भाचा व्हय."

मी चमकलो. लगेच लिहिलं : भाचा(जावई(नणंद(आजी))). नातं तेच, फक्त आजी पार आतल्या खोलीत. आपण मात्र 'च्या'ला 'च्या' जोडत सरळ चालतो. या सरळ चालीला पाइप म्हणतात, उलटीला कंपोझ. भाषेत दोन्ही आयते नाहीत. पहिलं रिड्यूस वापरून घरी करायचं, दुसरं रिड्यूसराइट वापरून.

उत्साहात कंपोझ केलं आणि त्याला बोलण्याच्या ओघात नणंद, जावई, भाचा असं दिलं. त्यानं इमानदारीत उजवीकडून सुरुवात केली : आजीचा भाचा, भाच्याचा जावई, जावयाची नणंद... स्क्रीनवर 'अनडिफाइन्ड'.

"आजी, जावयाची नणंद कोन?"

"येडा झाला काय बे? मानसाले कुठं नणंद रायते? थे बाईले रायते!"

मूर्तिजापूर यायच्या आत मला दोन धडे मिळाले होते. क्रम बदलला की नातं बदलतं. आणि आधीचा जे हातात देतो, ते पुढच्याला चालणारं असावं लागतं.

अकोल्यात मांडवाच्या दारात एका काकांनी अडवलं. "कोनाकडून?"

मी पाइप सुरू केला, "नवरीच्या मामाच्या साडूच्या..."

"म्हंजे आपलेच ना! बसा पंगतीले."

मुलाखतीत हे सांगावं की नाही, ठरत नाही. पण वऱ्हाडातल्या साखळीचं शेवटचं फंक्शन ठरलेलं आहे. त्यात काहीही घाला, 'आपलेच' परत येतं. आणि पानात दुसरी बुंदी पडते.