रडगाणं मालकांचं

छोट्या शहरात मोठा खेळाडू टिकत नाही, हे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या मालकांचं जुनं रडगाणं. लॉस एंजेलिसचा झगमगाट, मियामीचा समुद्र, जाहिरातींचा पैसा यांच्यापुढे आमचं काय चालणार? मला हे मुळीच पटत नाही. खेळाडू शहराला जितके कंटाळतात, त्याहून जास्त मालकाच्या आखडत्या हाताला कंटाळतात.

ओक्लाहोमा सिटी बघा. 2012 मध्ये केविन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक, जेम्स हार्डन हे तिघे एकाच संघात होते. तिघेही पंचविशीच्या आतले, आणि संघ नुकताच अंतिम फेरी खेळून आलेला. हार्डनच्या नव्या कराराचं घोडं काही दशलक्ष डॉलरवर अडलं आणि हंगामाच्या तोंडावर त्याला ह्यूस्टनला धाडून दिलं. पुढे ड्युरंट 2014 मध्ये, वेस्टब्रुक 2017 मध्ये आणि हार्डन 2018 मध्ये एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. असे तिघे हाती असताना पैसे मोजत बसायचं?

2016 मध्ये ड्युरंट गोल्डन स्टेटला गेला. टीव्हीच्या नव्या पैशामुळे संघांची वेतनमर्यादा त्या वर्षी एकदम उसळली होती, म्हणून आदल्या हंगामात 73 सामने जिंकलेल्या संघालाही तो परवडला. हा नियमांचा दोष, मान्य. चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या. त्या रागातला निम्मा वाटा हार्डनला घालवणाऱ्यांच्या पदरात पडायला हवा होता.

2017 पासून नियमही छोट्यांच्या बाजूने झुकले. पात्र ठरलेल्या आपल्या खेळाडूला जुना संघ वेतनमर्यादेच्या 35 टक्क्यांपर्यंत पगार देऊ शकतो, इतरांना तेवढा देता येत नाही. मिल्वॉकीने डिसेंबर 2020 मध्ये यानिस अँटेटोकुंपोला पाच वर्षांसाठी 228 दशलक्ष डॉलर दिले. पण नुसत्या पैशावर तो थांबला असता असं मला वाटत नाही. सहीच्या आधी काही आठवडे संघाने नवोदितांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजून ज्रू हॉलिडेला आणलं होतं. आम्हाला जिंकायचंय, हे करून दाखवलं होतं. पुढच्या जुलैत निर्णायक सामन्यात यानिसने 50 गुण काढले आणि मिल्वॉकीला 50 वर्षांनी विजेतेपद मिळालं.

ओक्लाहोमाही शिकलं. 2019 मध्ये त्यांच्या पॉल जॉर्जने जायचं ठरवल्यावर त्यांनी क्लिपर्सकडून विशीतला शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी वसूल केल्या. त्यातल्याच एका निवडीतून जेलन विल्यम्स मिळाला. 2025 चं विजेतेपद त्यांचं. पाठोपाठ शेने चार वर्षांच्या 285 दशलक्ष डॉलरच्या करारावर सही केली.

त्या अंतिम फेरीत हरलेला इंडियानाही छोट्याच शहरातला. सातव्या सामन्यापर्यंत झुंजलेला हा संघ मला फार आवडला होता. काही दिवसांतच, दहा हंगाम तिथे काढलेला माइल्स टर्नर निघून गेला. इंडियाना लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे मर्यादेपलीकडच्या पगारांवर संघाला भराव्या लागणाऱ्या कराच्या, हिशेबात अडकला होता. टर्नर ना न्यूयॉर्कला गेला, ना लॉस एंजेलिसला. तो गेला मिल्वॉकीला, इंडियानापोलिसपेक्षाही लहान बाजारपेठेत. त्याच्यासाठी जागा करायला मिल्वॉकीने डेमियन लिलार्डला मोकळं केलं आणि त्याच्या उरलेल्या कराराचा बोजा पाच वर्षांसाठी अंगावर घेतला.