वरून फोन येत नाही

आमच्या इकडं तलाठ्याला पटवारी म्हणतात आणि पटवारी रिटायर झाला तरी पटवारीच राहतो. आर्णीतल्या आमच्या पटवारी साहेबांची सारी नोकरी जवळा, लोणबेहळ, सावळी सदोबा अशा गावांत गेली. गायरानावरचं, नाल्याकाठचं, पांदणीतलं अतिक्रमण मोजायचं, पंचनामा करायचा, नोटीस बजावायची, आणि हटवायच्या दिवशी सकाळीच वरून फोन यायचा. उभ्या नोकरीत एक टपरी हलली नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र वरून फोन येत नाही. अनइन्स्टॉल दाबलं की झालं. हे सुख त्यांना साठीनंतर गवसलं, आणि तेव्हापासून गावात कुणाचाही लॅपटॉप सुरक्षित नाही.

त्यांना बोलवावं लागत नाही. नव्या मशीनला लावलेलं हळदकुंकू वाळायच्या आत फाटक वाजतं. "चालू कर बापू. पाहू, कोन कोन येऊन बसलं." बटन दाबल्यापासून मशीन सुरू होईपर्यंत ते मनगटावरचं घड्याळ बघत राहतात. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं चालत नाही. मग खिडकीचं बटन आणि आर एकदम दाबायचं, 'अपविझ डॉट सीपीएल' असं एका बोटानं टाइप करायचं आणि यादी उघडली की चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न: "हे कोनाच्या परवानगीनं बसलं इथं?"

हा प्रश्न ते प्रत्येक नावाला विचारतात. महिनाभर फुकट राहून नंतर मालकालाच लाल अक्षरांत धमकावणारा अँटीव्हायरस, कंपनीचा स्वतःचा 'मदतनीस', कुणी न मागितलेला गेम. प्रत्येकाचं नाव, त्यानं अडवलेली जागा आणि तारीख वहीत उतरते आणि खाली घरमालकाची सही घेतली जाते. सहीशिवाय ते काहीही काढत नाहीत. कायदा म्हणजे कायदा.

खरी लढाई घरच्यांशी असते. ज्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्ये आहे, तिथं "काढून टाका" कोण म्हणेल? "राहू द्या ना साहेब, सोबत फुकट आलं ते," असं वहिनी हमखास म्हणतात. मग पटवारी साहेब चहाची बशी खाली ठेवून समजावतात. "फुकट नाही आलं वहिनी. लॅपटॉप बनवनाऱ्याले एका मशीनमागं फार काही सुटत नाही. म्हणून तो आतली जागा दुसऱ्याले देते अन् त्याचे पैसे घेते. मशीन तुमचं, मेमरी तुमची, लाइट बिल तुमचं, अन् भाडं त्याले." एवढं ऐकल्यावर वहिनी सही करतात. भाड्याचा मुद्दा आमच्या गावात पटकन पटतो.

त्यांच्या हातून निरपराधही मारले जातात, हेही सांगितलं पाहिजे. जुलैअखेर, पीकविम्याची झुंबड उडालेली असताना ते एका सेवा केंद्रात नुसते बसायला म्हणून गेले आणि यादीत त्यांना 'आरडी सर्व्हिस' दिसली. "बँकेची आरडी कॉम्प्युटरमंदी कायले?" म्हणून त्यांनी ती उडवली. आधारसाठी अंगठा घेणारं मशीन तिच्यावरच चालतं. दुपारभर शेतकऱ्यांनी अंगठे दाबले, मशीन ढिम्म. रात्री ती पुन्हा बसेपर्यंत साहेब हलले नाहीत, रांगेतल्या सगळ्यांना चहा स्वतःच्या पैशानं पाजला, आणि वहीत नोंद केली: 'फेरफार रद्द'.

दयाही आहे त्यांच्याकडं. शेजारचे गुरुजी दुपारभर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळतात. हा खेळ 1990 साली विंडोज 3.0 बरोबर आला, शांतपणे राहिला आणि विंडोज 8 नंतर त्यात जाहिराती घुसल्या. साहेबांनी फाइल पाहिली, गुरुजींचं तोंड पाहिलं आणि निकाल दिला, "1990 पासूनची वहिवाट आहे. राहू द्या." कँडी क्रशला मात्र अशी माफी नाही. विंडोज 10 वर त्यांनी तो कितीदा काढला असेल. मोठा अपडेट आला की पुन्हा ताबा. "रात्रीतून टिनं ठोकतेत बाप्पा," ते म्हणतात. आवाजात राग कमी, ओळख जास्त.

एज ब्राउझरनं त्यांना सगळ्यांत जास्त दुखावलं. 2024 पासून युरोपातल्या लोकांना तो काढता येतो. तिथं तसा कायदा झाला. आपल्याकडं काढायचं बटनच फिकट, दाबलं तरी काही होत नाही. "म्हंजे इथं अतिक्रमण नियमित केलं," असं म्हणून ते त्या दिवशी चहा न घेता गेले.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि गावात नव्या मशीनची लाट आली. आमच्या पुतणीचा लॅपटॉप आला तेव्हा साहेबांनी यादी साफ केली, सही घेतली, वही मिटली आणि त्यांची नजर कीबोर्डवर गेली. स्पेसबारच्या उजवीकडं एक अनोळखी बटन. पुतणी म्हणाली, "हे कोपायलटचं आहे काका, विंडोजमधल्या एआयचं. आता बटनच येते त्याचं."

साहेब बराच वेळ बोटानं ते बटन चाचपत राहिले. आता सातबाराच नाही तर बांधही सरकला होता. मग त्यांनी खिशातून वही काढली, कानामात्रेसह नाव लिहून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "घरी बारका पेचकस आहे का?"

पुतणीनं लॅपटॉप मिटून छातीशी धरला.