फियाटला ठसका

जुनी फियाट सिग्नलला बंद पडली की चार जणांना एकाच वेळी ज्ञानप्राप्ती होते. मालक म्हणतो, 'पेट्रोलच भेसळीचं आलंय.' मेकॅनिक म्हणतो, 'कार्बोरेटर खोलावा लागेल, शेठ.' मागून हॉर्न वाजवणारा म्हणतो, 'भंगारात घाला.' आणि पेट्रोलियम मंत्रालय म्हणतं, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने चिंतेचं कारण नाही. चौघांपैकी एकानेही अजून बॉनेट उघडलेलं नसतं.

बॉनेट उघडलंच, तर आधी कार्बोरेटरला हात लावू नये. प्लग काढून बघावेत, पॉइंटमधलं अंतर तपासावं, कंडेन्सर बदलून पाहावा. कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी आजार डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दडलेले असतात. पण कंडेन्सर बदलण्यात मजा नाही. कार्बोरेटर खोलून, जेटमध्ये फुंकर मारून, उजेडाकडे धरून बघण्यात जो रुबाब आहे, तो त्या चिमुकल्या डबीत कुठून येणार? शिवाय फुंकर मारल्याचे वेगळे पैसे लावता येतात.

समजा, करंट ठीक निघाला. मग मात्र कार्बोरेटरचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. इंधन बदललं की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर निमूट जुळवून घेतो. कुर्ल्यात बनलेल्या फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या, सोलेक्स कार्बोरेटरकडे असला समजूतदारपणा नाही. त्याच्याकडे पितळेचा एक जेट आहे, जेटला एक भोक आहे आणि त्या भोकाचं माप ठरलं तेव्हा टाकीत पेट्रोल म्हणजे पेट्रोलच यायचं. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त द्यायला हवं. जेट मात्र जुन्याच मापाने वाढतो. इंजिनाची उपासमार होते. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते, मग कार्बोरेटरच्या तोंडातून एक फटाका सोडते आणि मग निघते.

हे ओळखायला लॅपटॉप लागत नाही. इंजिन गरम असताना, गाडी अडखळत असताना चोक किंचित ओढावा. चाल सुधारली तर मिश्रण लीन आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय. प्लगचं तोंड पांढरंफटक असेल तर शंकाच नको. उपायही किरकोळ आहे. जेटवर 120 कोरलेलं असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं, त्या जागी 125 घातला की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय धोरणाशी जुळवून घ्यायला मिलिमीटरचे पाच शतांश पुरतात. अट एकच: योग्य क्रमांकाचा जेट शोधून आणावा, टाचणी घालून भोक मोठं करू नये. गॅरेजमध्ये पहिल्या पद्धतीपेक्षा दुसरीच लोकप्रिय आहे.

आता मालकाकडे वळू. क्लासिक गाडीचा मालक गाडीवर पोटच्या पोरासारखं प्रेम करतो, म्हणजे वर्षातून एकदा रॅलीत मिरवतो आणि उरलेले महिने कव्हर घालून ठेवतो. तेवढ्या काळात टाकीतलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंडही तळाशीच असतं. त्यामुळे पावसाळ्यानंतर पहिला सेल्फ मारताच इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणीमिश्रित अल्कोहोलचं तीर्थ मिळतं. कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी धरते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून मागे चिकट राळ उरते. शिवाय इथेनॉल जुना चिकटा सोडवण्यात पटाईत. टाकीत वर्षानुवर्षं साचलेलं ते खरवडून काढतं: स्वच्छता अभियान टाकीत, कचरा जेटमध्ये. म्हणून पंपाच्या आधी चांगला फिल्टर बसवावा आणि सुरुवातीला तो लवकर-लवकर बदलावा. गाडी उभीच ठेवायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी अधूनमधून चालवावी, पण तो कुणाला सांगवत नाही.

मे महिन्यात घाट चढताना गाडी थांबते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते, तेव्हा दोष बहुधा वाफेचा. पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, नळी गरम लोखंडाजवळून जाणारी. आत द्रवाऐवजी वाफ भरली की पंप हवेत हात मारत बसतो. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे. ते शास्त्रशुद्ध होतं आणि आजही आहे. कायमचा इलाज हवा तर नळी उष्णतेपासून दूर फिरवावी आणि कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर घालावा.

राहिलं रबर. जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, तडकतात. तडकलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागलं तर प्रश्न ट्युनिंगचा न राहता अग्निशमन दलाचा होतो. आतून व्हायटॉन रबराचं अस्तर असलेल्या नळ्या मिळतात, त्या घालाव्यात. मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केलं की काही जुन्या वाहनांत, साधारण 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर, रबरी भाग बदलावे लागू शकतात. वर्षाला 500 किलोमीटर धावणाऱ्या फियाटला 20 हजार गाठायला 40 वर्षं लागतील. तोवर रबराने धीर धरावा, अशी शासनाची अपेक्षा दिसते. रबर मात्र स्पीडोमीटर वाचत नाही, कॅलेंडर वाचतं.

इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, हेही आवर्जून सांगितलं जातं. वाढतो, खरंच. कमी कॉम्प्रेशनच्या 1089 सीसी इंजिनाला जास्त ऑक्टेन म्हणजे टकल्याला कंगव्याची भेट. दुसरीकडे इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते, ही गोष्ट सांगताना मात्र आवाज आपोआप बारीक होतो.

उसाला भाव मिळावा, आयात तेलाचं बिल घटावं, याला कोण नाही म्हणेल? पण नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या वाहनांसाठी 10 टक्क्यांचं पेट्रोल उपलब्ध ठेवण्याची सूचना होती. ब्रिटनने त्याच वर्षी 10 टक्क्यांचं मिश्रण रुळवलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांचं सुपर पेट्रोल पंपावर ठेवलं. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. तेव्हा मालकाने जेट बदलावा, नळ्या बदलाव्यात, फिल्टर बदलावा. बदलायचं सगळं त्याच्याच वाट्याला आलंय. रबर स्वस्त आहे, हे मंत्रालयाचं म्हणणं अगदी खरं. महाग आहे तो पर्याय, म्हणून तो बहुतेक पंपांवर ठेवत नाहीत.