निम्मे रातांबे

“पसरलीस की नाही गो अजून?”

सकाळी सातला गडग्यावरून ही हाक आली की मे अर्धा सरला असं समजायचं. हाक माईंची. पसरायची ती आमसुलं. मी “हो, केव्हाच” म्हटलं तरी माई टाचा उंचावून माझ्या खळ्यात बघणार म्हणजे बघणारच. माझ्या ‘केव्हाच’वर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

आमच्या दोन घरांमधला गडगा छातीएवढा. जांभ्या दगडांचा, नुसता रचलेला, मधे ना माती ना सिमेंट. एका जागी चार-पाच दगड ढासळलेत त्याला अकरा वर्षं झाली. दर दिवाळीत दोन्ही घरचे पुरुष ते बसवायचं मनावर घेतात आणि दर दिवाळीत आम्ही दोघी मिळून ते हाणून पाडतो. वाटी नीट जाते ती तेवढ्याच जागेतून.

आता मूळ भांडण सांगते. माझ्या परसात रातांब्याचं झाड आहे आणि त्याची एक चांगली जाड फांदी माईंच्या हद्दीत गेलीय. तिच्याखाली पडतील ते रातांबे त्यांचे, याला माझी कधीच ना नव्हती. पण माईंचं म्हणणं, झाडावरचे निम्मे त्यांचे. का, तर रोपं होती दोन, एकाच वाफ्यातली. माझ्या सासूबाईंनी एक इथे लावलं, दुसरं गडग्यावरून माईंना दिलं. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे चांगली सात-आठ वर्षं, ते कळायला मार्ग नाही. आमचं निघालं मादी, माईंचं नर. आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ची कलमं मिळतात, त्यात हा जुगार नाही. पण तेव्हा परसातल्या रातांब्याला कोण कलम आणतंय! आठ वर्षं शेणखत घालून माईंच्या पदरात पडली ती सावली.

त्या मात्र खचल्या नाहीत. “नवरा माझ्याकडचा आहे,” असं त्यांनी त्याच वर्षी जाहीर केलं. “तो नसता तर तुझ्या झाडाला एक फळ धरलं नसतं.” याला मी काय उत्तर देणार? पहिली टोपली तिकडे जाते, जावयाचा मान म्हणून.

आमसुलं करणं ही पाककृती नव्हे, राखण आहे. रातांबा मधोमध फोडायचा, बिया गरासकट वेगळ्या, सालं वेगळी. गराला मीठ लावलं की लालभडक रस सुटतो. त्यात सालं बुडवायची, दिवसभर उन्हात टाकायची, संध्याकाळी उचलून परत रसात, सकाळी परत उन्हात. आमच्याकडे सात पुटं, माईंकडे पाच. “सात कशाला? मीठ जास्त झालंय का घरात?” हे मी पंचवीस वर्षं ऐकतेय. उरल्या रसाचं आगळ बाटल्यांत भरलं की सोलकढीची वर्षाची सोय. बियाही टाकायच्या नाहीत. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं आणि निवल्यावर मेणासारखं घट्ट होतं. लावणीच्या चिखलात फुटलेल्या टाचांना या गोळ्यापुढे कुठलीही ट्यूब टिकत नाही. माईंच्या पुणेकर सुनेने गेल्या खेपेला ओव्हनमध्ये सालं सुकवून बघितली. झाली छान, रंगही आला. माईंनी एक उचलली, हुंगली, परत ठेवली. “उन्हाचा वास नाही गो हिला.” विषय संपला.

पण पुटं मोजायची सवड पावसाने द्यायला हवी ना. 2025 साली काय झालं ते आठवा. आम्ही आपले मृगाच्या भरवशावर, 7 जूनपर्यंत ऊन आपलंच म्हणून निवांत. आणि 25 मेला, रोहिणी लागते त्याच सुमाराला, मोसमी पाऊस तळकोकणात हजर! दुसऱ्या दिवशी मुंबईत. माझी सालं दोन पुटांवर. ती आधी पंख्याखाली ठेवली, मग चुलीच्या वर टांगली, आणि चौथ्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली. फणसपोळीच्या ताटांचा चिकटा झाला तो वेगळाच. माईंचं सगळं बरणीत गेलेलं. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढताना त्यांनी आठवडाभर आधीच बघितल्या होत्या म्हणे, आणि मला सांगितलंही होतं म्हणे. त्या वर्षी आमच्या आमटीत माईंची पाच पुटांची आमसुलं पडली. चवीत काही फरक नव्हता, हे मी अजून त्यांच्यापाशी कबूल केलेलं नाही.

फणसावरून आमच्यात भांडण नाही, कारण दोघींकडेही नको तितके. कापा मुंबईकरांबरोबर गाडीत बसतो, बरका इथेच राहतो. तो बिचारा हातात धरवत नाही, पण फणसपोळी त्याचीच. त्याचे गरे रोवळीवर घासायचे, खाली गळेल तो रस तूप लावलेल्या ताटात ओतायचा आणि दिवसभर कावळे हाकायचे. आठळ्या लाल मातीत घोळवून माळ्यावर. आषाढात भाजी मिळेनाशी झाली की त्या आठवतात. हापूसबद्दल बोलायला नको. हापूस आम्ही विकतो. खायला असतो डागी, आणि उरला तो कॅनिंगला.

बाजारहाट माईंनी अलीकडे स्वतःच्या हातात घेतलीय. 2023 च्या मार्चपासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, आणि माई पंचाहत्तरीच्या पुढच्या, म्हणून त्यांना तेही नाही. पूर्वी पिशवी माझ्या नवऱ्याबरोबर पाठवायच्या. आता भाव विचारायला एकदा जातात, घासाघीस करायला एकदा आणि घ्यायला एकदा. 1 जूनपासून बोटींना बंदी, त्यामुळे मेच्या शेवटी सुक्या मासळीचा भाव चढतो. म्हणून माईंचे सोडे आणि सुके बोंबील अक्षय्यतृतीयेच्या मागेपुढेच डब्यात असतात. बघून जीव जळतो माझा, पण वाटीतून येतात म्हणून बोलत नाही.

आणि आता खरी बातमी. खालच्या वाडीतलं एक जुनं घर पाडलं. मालक मुंबईला, त्यांना स्लॅबचं हवंय. नक्षीची दारं जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने टेम्पोत भरली. तांब्या-पितळेची भांडी किलोवर गेली. चिनी मातीच्या दोन बरण्या मात्र पडवीत तशाच, त्या वितळत नाहीत ना! माई एक फणस घेऊन गेल्या आणि दोन बरण्या घेऊन आल्या. वर तपकिरी, खाली पिवळट, एकेक अशी की कडेवर घेतली तर मूलच वाटावं. एकीला झाकण होतं, एकीला नव्हतं. बिनझाकणाची गडग्यावरून माझ्याकडे.

“झाकण कशाला हवंय? दादरा बांध. नऊवारीचा तुकडा आहे ना सासूचा?”

आहे. त्याच सुती नऊवारीच्या उरल्या भागाची गोधडी झाली, काठाच्या पिशव्या झाल्या, आणि आता दादरा झाला. मी माईंचे आभार मानायला तोंड उघडलं तेवढ्यात त्या म्हणाल्या, “फणस तुझ्याच झाडाचा होता हो. सकाळी काढला, तू आंघोळीला होतीस तेव्हा.”

काल सातवं पुट झालं. माईंच्या पडवीत तराजू लावला. चार किलो भरली आणि वर मूठभर. दोन किलो माईंच्या झाकणाच्या बरणीत, दोन माझ्या दादऱ्याच्या. ती वरची मूठ तराजूत राहिली होती, ती माईंनी पदरात घेतली. नवऱ्याची म्हणे.