गुडघ्याला बाशिंग

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात, बहुधा अमेरिकन कामगार दिनाच्या सुट्टीनंतरच्या गुरुवारी सुरू होतो आणि पुढच्या मंगळवारी सकाळी संपतो. वेळापत्रकाप्रमाणे तो फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि सुपर बोल हा अंतिम सामना वगैरे तेव्हा होतो, हे खरं. पण पहिल्या आठवड्याचे १६ सामने उरकले की यंदा करंडक कोणाचा, तळाला कोण, कुठल्या प्रशिक्षकाने नाताळाच्या आत घर विकायला काढावं आणि कुठल्या पोराचा पुतळा घडवायला टाकावा, हे सगळं चाहत्यांनी ठरवून टाकलेलं असतं. पुढचे पाच महिने खेळाडूंनी त्या निकालावर फक्त सह्या करायच्या.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, असं आपण म्हणतो. या खेळाचा चाहता तेच करतो. फरक इतकाच, की गुडघा दुसऱ्याचा असतो.

या उतावळेपणाला कारणं आहेत, आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो. एक हरला तर लोक खांदे उडवतात आणि जेवायला बसतात. फुटबॉलचा संघ खेळतो फक्त १७. म्हणजे इथला एक पराभव तिथल्या साडेनऊ पराभवांइतका जड. त्यात फेब्रुवारी ते सप्टेंबर असा सात महिन्यांचा उपास घडलेला. आणि उपास सुटतो तो कशावर? तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं. उरलेल्या वेळात खेळाडू घोळका करून उभे राहतात, पंच आपसात कुजबुजतात, जाहिराती येतात. एवढी मोकळी जागा समोर दिसल्यावर माणूस मत मांडणार नाही तर काय करील?

मत मांडायला हरकत नाही. पण आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात म्हणून. इथे पुढच्या रविवारी तांदूळ वेगळा असतो, चूलही वेगळी, आणि पुष्कळदा स्वयंपाकीच स्ट्रेचरवर गेलेला असतो.

२००३ सालचं उदाहरण घ्या. पहिल्याच रविवारी न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा बफेलोकडून ३१-० असा धुव्वा उडाला. त्यातून जखमेवर मीठ असं, की काही दिवसांपूर्वीच पॅट्रियट्सनी काढून टाकलेला लॉयर मिलॉय बफेलोकडून खेळत होता. संघ फुटला, प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचे दिवस भरले, असं बोललं गेलं. त्या संघाने पुढे १४ सामने जिंकले, शेवटच्या आठवड्यात त्याच बफेलोला नेमकं ३१-० असं हरवून हिशेब चुकता केला आणि सुपर बोलही जिंकला. २००७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स पहिले दोन्ही सामने हरले आणि शेवटी सुपर बोलमध्ये त्यांनी तोवर एकही सामना न हरलेल्या पॅट्रियट्सना पाणी पाजलं. २०२१ मध्ये ग्रीन बे पॅकर्सना न्यू ऑर्लिन्सने ३८-३ असं लोळवलं. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारा म्होरक्या, आरन रॉजर्स म्हातारा झाला, त्याचं लक्ष उडालं, असा निकाल त्या रात्रीच लागला. पॅकर्सनी १३ सामने जिंकले आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो म्हातारा रॉजर्सच.

ही उदाहरणं चाहत्यांना ठाऊक नसतात असं नाही. ती पाठ असतात. दर सप्टेंबरात एकमेकांना ऐकवली जातात आणि मग सगळे मिळून पुन्हा तेच करतात.

आम्ही न्यू जर्सीकर. आमच्या वाट्याला जायंट्स आणि जेट्स असे दोन संघ आले आहेत. दोन्ही नावाने न्यूयॉर्कचे, पण खेळतात आमच्या ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये. जेट्सच्या चाहत्यांशी मराठी माणसाचं चटकन जुळतं, कारण दोघांनाही गतवैभवाच्या गोष्टी सांगायला आवडतं. जेट्सनी सुपर बोल एकदाच जिंकला, जानेवारी १९६९ मध्ये. त्याआधी त्यांच्या जो नेमथने विजयाची जाहीर हमी दिली होती. त्यानंतर या संघाबद्दल कोणी कसलीही हमी दिल्याचं माझ्या कानावर नाही.

२०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी आली आणि जेट्सचा पहिला सामना रविवारी. एरवी पहिल्या पराभवानंतर आमचा शेजारी आपल्या संघाला निरोप देतो तो साधारण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ याच सुरात. त्या वर्षी मात्र पराभवानंतरही स्वारी खुशीत होती. पिट्सबर्ग स्टीलर्सनी शेवटच्या मिनिटांत ६० यार्डांवरून फील्ड गोल मारला म्हणून सामना ३४-३२ असा गेला. पण नवा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स झकास खेळला होता. “हरलो, पण कसे हरलो ते पाहिलंस ना?” शेजारी म्हणाला. पुढच्या रविवारी जेट्स ३०-१० असे हरले, फील्ड्स डोक्याला मार लागून बाहेर गेला, आणि संघाने पहिले सातही सामने गमावले. उतावळी निराशा जशी फसते तशी उतावळी आशाही फसते. आशेची तेवढी कोणी टिंगल करत नाही.

त्या पहिल्याच रविवारी रात्री बफेलोत बाल्टिमोर रेव्हन्स ४०-२५ असे पुढे होते. शेवटची चारेक मिनिटं उरली होती. घरच्या संघाचे बरेच चाहते उठून पार्किंगकडे चालू लागले, कारण वाहतुकीचं गणित त्यांना फुटबॉलच्या गणितापेक्षा जास्त पटलं. मागे बफेलोने १६ गुण मिळवले आणि सामना ४१-४० असा जिंकला. शेवटचा फील्ड गोल मारणारा मॅट प्रेटर ४१ वर्षांचा होता. नेहमीचा किकर जायबंदी झाला म्हणून त्याच आठवड्यात त्याला बोलावून घेतलं होतं. गाडी काढताना आतला जल्लोष कानावर पडल्यावर त्या लोकांच्या तोंडचे भाव कोणत्यातरी कॅमेऱ्याने जवळून टिपायला हवे होते.

इथवर सगळं गमतीचं. चुकीच्या मताने कोणाचं हाड मोडत नाही. पण पहिला आठवडा मतांखेरीज दुसरंही एक पीक देतो, आणि ते असं आठवडाभरात नाहीसं होत नाही.

२०२५ च्या हंगामाची सुरुवातच पाहा. गुरुवार, ४ सप्टेंबर, फिलाडेल्फिया. गतविजेते ईगल्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. पहिल्याच किकऑफवर ईगल्सचा बेन व्हॅनस्युमरेन धावत गेला आणि कोसळला. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा तुटली होती. घड्याळात खेळाचे ६ सेकंद झाले होते. त्याला उचलून नेईपर्यंत खेळ थांबला, आणि त्या रिकाम्या वेळात ईगल्सचा जेलन कार्टर प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटवर थुंकला. पंचांनी त्याला बाहेर काढलं. देशभर चर्चा झाली ती थुंकण्याची. थुंकणं योग्य की अयोग्य, आधी कोण थुंकलं, किती दंड व्हावा, यावर विद्वानांनी घसे कोरडे केले. व्हॅनस्युमरेनचा अख्खा हंगाम त्या एका धावेत संपला होता. त्याची बातमी दोन ओळींची.

दुसऱ्या दिवशी ब्राझीलमधल्या साओ पावलोत कॅन्सस सिटी चीफ्सचा झेव्हियर वर्दी तिसऱ्याच चालीत आपल्याच संघातल्या ट्रॅव्हिस केल्सीवर आदळला आणि त्याचा खांदा निखळला. रविवारी सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखावला आणि पुढे कित्येक सामन्यांना मुकला. अंगठा म्हणजे एवढंसं प्रकरण, असं आपल्याला वाटतं. पण १०० किलोंचा गडी ज्या बोटावर भार टाकून वळतो ते बोट रुसलं, की कोट्यवधी डॉलरांचा करार बाकावर बसून राहतो.

दुखापत झाली की प्रेक्षकांत एक अद्भुत बदल घडतो. मघाशी प्रशिक्षक असलेले सगळे आता अस्थिरोगतज्ज्ञ होतात. खेळाडू मैदानाच्या कडेच्या तपासणीच्या निळ्या तंबूत गेला, की तंबूच्या कापडाकडे पाहून निदान सुरू. आमच्या मराठी मंडळातले एक काका, मोदकाच्या उकडीपलीकडे शरीरशास्त्राशी ज्यांचा संबंध नाही, ते पडद्याकडे बोट दाखवून सांगतात, “अहो, चालत गेला म्हणजे गुडघ्याचं एमसीएल. चार आठवडे. गाडीवरून नेला असता तर एसीएल, मग थेट पुढच्या वर्षी.” चीड येते ती याची, की बऱ्याचदा काकांचं बरोबर निघतं.

आणि त्याच काकांच्या तोंडून पुढच्या क्षणी जे निघतं ते ऐकून मला कसंनुसं होतं. “छे! माझा गेला!” त्यांचा म्हणजे त्यांच्या फँटसी लीगमधल्या कागदी संघाचा. तिकडे एक विशीतला मुलगा गवतावर हेल्मेट आपटतो आहे, आणि इकडे आमच्या एडिसनमध्ये काका त्याच्या जागी कोणाला घ्यावं म्हणून फोन चाळताहेत. त्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. माझ्या हातातही फोन असतो.

पहिल्या आठवड्यातली सगळ्यांत गाजलेली दुखापत मात्र आमच्या मेटलाइफवरचीच. ११ सप्टेंबर २०२३, सोमवारची रात्र. पॅकर्सकडे १८ हंगाम काढून ३९ वर्षांचा आरन रॉजर्स जेट्सकडे आला होता. हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन तो मैदानात धावत आला तेव्हा १९६९ परत आल्यासारखा गलका झाला. चौथ्या चालीत बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला पाडलं. रॉजर्स उठला आणि पुन्हा खाली बसला. डाव्या टाचेमागची कंडरा, अकिलीज टेंडन, तुटली होती. अकिलीज ग्रीकांचा, पण आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. दुर्योधनाचं सगळं अंग वज्राचं झालं, राहिली ती मांडी. श्रीकृष्णाला बाण लागला तो तळपायाला. थोरामोठ्यांचा घात कमरेखाली होतो, हे आपल्या कथेकऱ्यांना क्रीडावैद्यकाच्या कितीतरी आधी कळलं होतं.

गंमत म्हणजे तो सामना जेट्सनी जिंकला. जादा वेळेत झेव्हियर गिप्सनने ६५ यार्ड धावून टचडाउन केला, २२-१६. इतका उदास विजय मी दुसरा पाहिलेला नाही. लोक आनंदाने ओरडत होते आणि चेहऱ्यावर तेराव्याचं जेवण होतं.

आता हंगाम संपला, असं सगळे म्हणाले, आणि ते खरं निघालं. जेट्स ७-१० वर थांबले. पण असा निकालही दरवेळी खरा ठरत नाही. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याचा डावा गुडघा फाटला. त्याच्या जागी उतरलेल्या मॅट कॅसलने शाळेनंतर क्वार्टरबॅक म्हणून एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. पॅट्रियट्सचं आता श्राद्ध घालायचं, असं ठरलं. त्यांनी ११ सामने जिंकले. म्हणजे संघाबद्दलचं मत चुकलं. ब्रेडीच्या गुडघ्याने मात्र आपलं अख्खं वर्ष घेतलंच. पुढच्या हंगामापासून, जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेऊ नये, असा नियमाचा खुलासा आला.

मला वाटतं, पहिल्या आठवड्यात हंगाम किती लांब आहे हे खऱ्या अर्थाने एकट्या जायबंदी खेळाडूलाच कळतं. आपण सगळे रविवारच्या रात्रीत जगत असतो. त्याच्या हातात डॉक्टरांनी महिन्यांचा हिशेब दिलेला असतो. आपलं मत सोमवारी मोडतं आणि पुढच्या रविवारपर्यंत नव्या जोमाने धावायला लागतं. कंडरेला ती सोय नाही. तिला घाई कळत नाही, घोषणा कळत नाहीत, तिला फक्त दिवस कळतात. त्या सोमवारी जेमतेम चार चाली खेळलेला रॉजर्स जवळजवळ दोन वर्षांनी, २०२५ च्या त्या पहिल्या रविवारी, त्याच मैदानावर स्टीलर्सच्या वेशात उतरला आणि त्याने जेट्सविरुद्ध चार टचडाउन पास टाकले. एकेकाळी त्याच्यासाठी रडलेले लोक त्याची हुर्यो उडवत होते. तेही फार काळ टिकलं नाही. पुढचा रविवार यायचाच होता.

अमेरिकन फुटबॉलच्या या लीगचा एक नियम मला फार आवडतो. दर आठवड्याला प्रत्येक संघाने जाहीर करायचं, की कोणाला कुठे दुखतं आहे, सराव पूर्ण केला, अर्धवट केला की केलाच नाही, आणि सामन्याला तो ‘शंकास्पद’ आहे, ‘कठीण’ आहे की ‘बाहेर’. पूर्वी ‘बहुधा खेळेल’ असाही एक रकाना होता. ब्रेडीचा उजवा खांदा वर्षानुवर्षं त्या रकान्यात मुक्कामाला असे आणि ब्रेडी दर रविवारी मजेत खेळत असे. २०१६ मध्ये तो रकानाच काढून टाकला.

असा तक्ता मतांचाही निघायला हवा. दर बुधवारी, प्रत्येक समालोचकाने आणि प्रत्येक चाहत्याने सही करून द्यायचा. ‘बफेलो हरलं, चला घरी’: पार्किंगमध्ये घसरून पडलं, बाहेर. ‘हे वर्ष जेट्सचं’: जुनाट दुखणं, दर सप्टेंबरात उसळतं, खेळणं कठीण. ‘पॅट्रियट्स संपले’: २००३ पासून वारंवार लचक. काकांचं ‘चार आठवडे’: तंदुरुस्त, पूर्ण सराव. आणि माझं नाव कायमचं ‘शंकास्पद’ खाली घाला. रविवारी दुपारी एकला मी कसलाही सराव न करता सोफ्यावर उतरणार आहे, आणि सव्वा वाजेपर्यंत माझं निदान तयार असेल.