तबकडीबहाद्दर

हा गृहस्थ मूळचा अमेरिकेचा. ओहायो, मिशिगन, कॅलिफोर्निया, कुठेही सापडतो. बहुधा घराच्या तळघरात. वय चाळिशीच्या अलीकडेपलीकडे, अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर अशा मालिकेचं नाव जी पहिल्याच सीझनमध्ये गुंडाळली गेली. पाठीमागे जमिनीपासून छतापर्यंत डीव्हीडी. त्यांतल्या बऱ्याचशा त्याच्यासारख्याच लोकांबद्दलच्या: चष्मेवाले, हुशार, खेळात कच्चे, पार्टीत कोपरा धरून उभे राहणारे, ज्यांना तिकडे गीक किंवा नर्ड म्हणतात. त्याला ‘हे सगळं पाहिलंयस का?’ असं कधी विचारू नये. पाहणं ही त्याच्या लेखी पहिली पायरी. त्यानंतर दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीसह पाहायचं, मग नटांच्या कॉमेंटरीसह, मग कापलेले प्रसंग, मग ते का कापले याचं दिग्दर्शकाने केलेलं समर्थन, आणि शेवटी ते समर्थन कसं लंगडं आहे हे समोरच्याला पटवायचं. ही शेवटची पायरी तबकडीवर नसते. ती तो स्वतः पुरवतो, पाहुण्याने घड्याळाकडे कितीही वेळा पाहिलं तरी.

या माणसाचं चित्र हॉलिवूड चाळीसेक वर्षं रंगवत आलं आहे. ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्‌स’मध्ये (१९८४) कॉलेजातले दांडगे खेळाडू त्याला वसतिगृहातून हुसकावून लावतात. ‘नेपोलियन डायनामाइट’मध्ये (२००४) तो आयडाहोतल्या प्रेस्टन गावात तोंड अर्धवट उघडं टाकून हिंडतो आणि बटाट्याचे तळलेले तुकडे पँटच्या खिशात साठवतो. ‘द बिग बँग थिअरी’त (२००७ ते २०१९, २७९ एपिसोड) तो पॅसाडिनात भौतिकशास्त्राचा संशोधक आहे आणि सोफ्यावरची ठरलेली जागा कोणी बळकावली की त्याचं विश्व कोलमडतं. वैद्य निरनिराळे, निदान एकच: याला चारचौघांत वागता येत नाही, एखादी मुलगी भेटली की सुधारेल. मला हे निदान मान्य नाही. चारचौघांत वागता न येणारी माणसं जगात भरपूर आहेत. त्यांना कोणी गीक म्हणत नाही, साहेब म्हणतात. आपल्या तबकडीबहाद्दराची खरी अडचण वेगळी आहे. त्याला विसरता येत नाही. बाकीचे लोक सिनेमा पाहून घरी जातात आणि मंगळवारपर्यंत त्यातल्या खलनायकाचं नावही त्यांना आठवत नाही. याला मात्र खलनायकाच्या पट्ट्याचं बक्कल आठवतं, आणि दुसऱ्या भागात ते बदलल्याचंही. गर्दीशी त्याचं बिनसतं ते इथे. तिला जे सोडून द्यायचं असतं ते तो धरून बसतो, आणि ते धरून बसायची त्याची जागा म्हणजे ती डीव्हीडीची भिंत.

पुरावा हवा असेल तर ‘स्टार वॉर्स’ घ्या. १९७७ च्या मूळ चित्रपटात हान सोलो नावाचा तस्कर गुत्त्यात बसल्या बसल्या टेबलाखालून गोळी घालतो आणि ग्रीडो नावाचा हिरवा सुपारीबाज मरतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत जॉर्ज लुकासने बदल केला: आधी ग्रीडो गोळी झाडतो, तीही हातभरावरून नेम चुकवून, आणि मग सोलो. नायक सज्जन झाला. बहुतेक प्रेक्षकांच्या हे लक्षातही आलं नसतं, पण आपल्या बहाद्दराने आकाशपाताळ एक केलं. ‘आधी हानने गोळी झाडली’ असे टी-शर्ट निघाले. हसण्यासारखंच आहे हे. पण गंमत अशी की १९८८ मध्ये याच लुकासने अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना, जुन्या चित्रपटांना रंग फासून त्यांत फेरफार करणाऱ्यांना फैलावर घेतलं होतं. ती साक्ष लुकासला आठवत होती की नाही कोण जाणे. तळघरातल्या माणसाला आठवत होती. २००४ च्या डीव्हीडीत तर आणखी बदल झाले. तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी दिसणाऱ्या एका भुताच्या भूमिकेत दुसराच, वयाने कितीतरी लहान नट आणून बसवला. म्हणजे या विश्वात मेल्यावरही भूमिका टिकेल याची शाश्वती नाही. अखेर २००६ मध्ये मूळ आवृत्त्या डीव्हीडीवर आल्या, पण बोनस डिस्क म्हणून, १९९३ च्या लेसरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून, अस्पष्ट चित्रासकट. बहाद्दराने त्या घेतल्या, शिव्या घातल्या आणि जपून ठेवल्या. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा आपण त्यांचे ऋणी झालो. इथे ग्रंथ अवकाशयानांचा आहे आणि पाठशोधक खुर्चीत बसून चिप्स खातो आहे, हे कबूल. पण मूळ पाठ कोणता, ही चिंता त्याच जातीची आहे.

दुसरा पुरावा जरा हळवा आहे. ‘फ्रीक्स अँड गीक्स’ ही मालिका १९९९ मध्ये एनबीसीवर सुरू झाली. काळ १९८०-८१ चा, जागा डेट्रॉइटजवळच्या उपनगरातली शाळा. एका बाजूला वर्ग बुडवणारी टवाळ पोरं, दुसऱ्या बाजूला खेळाच्या तासाला संघात सगळ्यांत शेवटी निवडली जाणारी. १८ एपिसोड तयार झाले. १२ दाखवून वाहिनीने दुकान बंद केलं. पुढे या पोरांपैकी सेथ रोगन, जेम्स फ्रँको, जेसन सीगल मोठे नट झाले, पण ते नंतर. मालिकेत त्या काळातली खरी गाणी ठासून भरली होती आणि त्यांच्या हक्कांचे पैसे भरायला कोणी तयार नव्हतं. स्वस्तातला उपाय उघड होता: गाणी काढा, वाजंत्री भरा, डीव्हीडी विका. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या रेडिओ स्टेशनवर घडणाऱ्या मालिकेचं २००७ मध्ये असंच झालं. रेडिओ स्टेशनच्या मालिकेतून गाणी काढणं म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावं. ‘फ्रीक्स अँड गीक्स’च्या चाहत्यांनी मात्र सह्यांची मोहीम चालवली, आणि २००४ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने गाण्यांसकट सगळे एपिसोड आणि कॉमेंटऱ्यांचा ढीग असलेला बॉक्स सेट काढला. ‘फायरफ्लाय’चीही तीच कथा. २००२ मध्ये फॉक्सने तिचे एपिसोड उलटसुलट क्रमाने दाखवले, पहिला एपिसोड सगळ्यांत शेवटी, आणि प्रेक्षक कमी म्हणून मालिकाच बंद केली. पुढच्या वर्षी डीव्हीडीवर १४ एपिसोड योग्य क्रमाने आले आणि असे खपले की २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट निघाला. वाहिनीने विसरलेली गोष्ट ग्राहकाने लक्षात ठेवली, त्याचा हा थेट परिणाम.

या माणसाची नाडी बरोबर सापडली ती एकाच चित्रपटाला, असं माझं मत आहे: ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ (१९९९). जुन्या अवकाशमालिकेतला उतरणीला लागलेला नट चाहत्यांच्या मेळाव्यात ब्रँडन नावाच्या मुलाला झिडकारतो, की बाबा रे, हे सगळं खोटं आहे, नुसती मालिका आहे. पुढे तो नट खरोखरच्या यानात अडकतो. ते यान परग्रहवासीयांनी मालिका इतिहास समजून पाहत, तंतोतंत तशीच नक्कल करून बांधलेलं असतं. आता यानाच्या पोटातले रस्ते कोणाला ठाऊक? नटाला नाही, त्याने तर संवादच पाठ केलेले. ठाऊक असतात ते ब्रँडनला आणि त्याच्या दोस्तांना. मुलगी मिळाल्याने ब्रँडन सुधारत नाही. त्याला मुळी सुधारायचंच नसतं. त्याची किचकट, निरुपयोगी आठवण कामाला येते, एवढंच.

यावर पहिला आक्षेप असा की हा कसला पाठशोधक, कंपन्यांनी लुबाडलेलं गिऱ्हाईक आहे. आक्षेपात तथ्य आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाची डीव्हीडी ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि लांबवलेली, चार तबकड्यांची आवृत्ती नोव्हेंबरमध्ये; त्याने दोन्ही घेतल्या आणि दोन्हींची गरज का आहे हे न विचारता समजावून सांगितलं. ‘द आयटी क्राउड’ या ब्रिटिश मालिकेच्या डीव्हीडीत संगणकवेड्यांच्या सांकेतिक लिपीतली सबटायटल्स होती, म्हणजे पैसे मोजून गृहपाठ. पण लुबाडला गेलेला माणूस आणि आंधळा माणूस यांत फरक असतो. हा प्रत्येक आवृत्तीतला फरक जाणून घेऊन फसतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हा बिचारा वगैरे काही नाही. ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्‌स’चे नायक मुलींच्या खोल्यांत चोरून कॅमेरे बसवतात, एक जण मुखवटा घालून, एका मुलीचा मित्र असल्याचं भासवून तिच्याशी संबंध ठेवतो, आणि चित्रपट याला विजय म्हणतो. याला आज गुन्हा म्हणतात, आणि तेव्हाही ते चुकीचंच होतं. शिवाय एखादी मुलगी त्याच मालिकेचा टी-शर्ट घालून आली की तिची तोंडी परीक्षा घेणारे बहाद्दर खऱ्या आयुष्यातही आहेत. स्मरणशक्ती चांगली असली म्हणून माणूस चांगला असतो, असा माझा दावा नाही. उलट तबकडी जपल्यामुळेच ‘नर्ड्‌स’मधली घाण जशीच्या तशी पाहून तिच्याबद्दल बोलता येतं. एखाद्या कंपनीने तो प्रसंग गुपचूप कापला असता, तर चाळीस वर्षांपूर्वी लोक कशावर हसत होते याचा पुरावाच उरला नसता.

आता कोणी म्हणेल, सगळं तर ऑनलाइन मिळतं, मग भिंत कशाला अडवायची? मिळतं, तोवर मिळतं. ‘कम्युनिटी’ मालिकेत एका एकाकी मुलाला जगण्याची उमेद यावी म्हणून मित्र त्याच्यासोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात, असा एपिसोड २०११ मध्ये आला होता. त्यातलं एक पात्र चेहऱ्याला काळा रंग लावून येतं, म्हणून जून २०२० मध्ये नेटफ्लिक्स आणि हुलूने तो एपिसोड उतरवला. कारण समजण्यासारखं आहे, वाद होऊ शकतो. पण वाद घालायला एपिसोड हवा, आणि तो सीझनच्या डीव्हीडीवर आहे. ‘विलो’ ही डिस्नेची मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि मे २०२३ मध्ये डिस्नेने स्वतःच्याच सेवेवरून काढून टाकली. तिची तबकडी तेव्हा निघालेलीच नव्हती. पैसे भरणाऱ्यांचा त्यावर काडीचा हक्क नव्हता. (तबकडीवाल्यांनाही अडचणी आहेत म्हणा. अमेरिका रीजन १ आणि भारत रीजन ५, त्यामुळे कॅलिफोर्नियाहून कायमचा पुण्याला परतणारा अभियंता हौसेने बॉक्स सेट आणतो आणि इथला साधा प्लेअर त्याला ओळखच देत नाही.)

नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा धंदा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केला. कपाटं रिकामी करून तबकड्या रद्दीच्या भावाने विकणाऱ्यांची आता रीघ लागली आहे, आणि त्या पलीकडच्या बाजूने कोण उचलतो आहे हे सांगायला नको. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, सॅन होजेत किंवा कोथरुडात, तर त्याची थट्टा जरूर करा, त्याला सवय आहे. मात्र त्याच्याकडून कधी काळी पाहायला म्हणून आणलेली डीव्हीडी तुमच्या घरात पडून असेल, तर ती वेष्टनासकट परत करून या. कोणत्या दिवशी नेली होती, हे त्याला आठवतं आहे.