पेडल दोन इंच पुढे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुपारच्या वेळी एखाद्या लेथच्या दुकानात डोकवावं. फौंड्रीची कास्टिंगं, पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरची बुशं अशा पसाऱ्यात एक सव्वासहा फुटी गृहस्थ बुलेटचं ब्रेक पेडल हातात घेऊन उभे असतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. वयानं वडील असलेला मिस्त्रीसुद्धा. दादांचं म्हणणं एकच. कंपनीनं माणसाच्या पायाचा विचारच केलेला नाही.

बुलेट वडिलांच्या काळातली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. 1970 च्या दशकात अमेरिकेनं गिअर डावीकडेच हवा असा नियम केला आणि बाकीचं जग निमूट तिकडं वळलं, पण आपल्याकडची बुलेट पुढं कित्येक वर्षं जुन्याच वळणावर राहिली. याचा दादांना अभिमान आहे. मात्र त्या डाव्या बाजूलाच त्यांच्या अकरा नंबरच्या बुटाची फुटरेस्ट आणि पेडल यांच्यामध्ये अडचण होते. ब्रेक मारायचा तर आधी गुडघा वर, मग पाऊल तिरपं, मग बोटं पेडलवर. तोवर समोरची म्हैस रस्ता ओलांडून गवताला लागलेली असते.

पाय लांब करता यावेत म्हणून दादांनी लेगगार्डवर जादा फुटरेस्ट ठोकून घेतले. पाय ऐसपैस झाले आणि ब्रेक हातभर मागं राहिला. मग पेडलच पुढं न्यायचं ठरलं.

काम दिसायला सोपं. पेडल मधोमध कापायचं, दोन इंचांची पट्टी घालायची, वेल्डिंग मारायचं, ग्राइंडर फिरवून काळा रंग द्यायचा. पण पेडल म्हणजे तरफ. आठ इंची तरफ दहा इंची झाली की पायाचा जोर तेवढाच असला तरी ब्रेकचा रॉड सव्वापट ताकदीनं ओढला जातो, आणि पायाला खाली जावं लागतं तेही सव्वापट. मिस्त्रीनं हे खडूनं फरशीवर काढून दाखवलं. दादांनी चित्र बारकाईनं पाहिलं आणि म्हणाले, “मग चांगलंच की!”

पन्हाळ्याच्या रस्त्यावर, पहिल्याच पावसात, चांगलं किती ते कळलं. नेहमीच्या सवयीनं पाय दिला आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होऊन गाडी तिरकी घसरली. पडले नाहीत, तेवढे लांब पाय कधीतरी उपयोगी पडायचेच.

पुढची भानगड स्प्रिंगची. पेडल जड झालं, जुनी स्प्रिंग त्याला पुरतं वर खेचेना. मागचा लाल दिवा दिवसरात्र पेटलेला, आतली लायनिंग ड्रमला घासतेय, हात लावावा तर ड्रम गरम. मागचे लोक हॉर्न मारमारून दमले. दादांना वाटायचं, गाडीचं कौतुक चाललंय. शेवटी जाड स्प्रिंग आली, रॉडच्या नटाला आटे दिले गेले, पेडलचा फ्री प्ले फुटपट्टी लावून मोजला गेला. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात तो 20 ते 30 मिलिमीटर लिहिलेला असतो. दादांनी 25 धरला आणि ही गोष्ट चहाच्या गाड्यावर चारचौघांना ऐकवली.

“ॲव्हेंजर घ्या की दादा, पाय कंपनीतनंच पुढं असत्यात,” असं कुणी म्हणालं की मात्र दादांचा चेहरा उतरतो. बजाजनं ती 2005 सालीच बाजारात आणली, हे त्यांना ठाऊक आहे. पण तयार सदरा आणि शिंप्याकडं उभं राहून शिवून घेतलेला सदरा यांत त्यांच्या लेखी जो फरक, तोच इथं.

मोटार वाहन कायद्यानं दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंडाची तरतूद केली आहे. दादांनी आरसी बुक उलटंसुलटं वाचलं. त्यात रंग आहे, इंजिन नंबर आहे, पेडलची लांबी कुठंच नाही. म्हणजे बदल झालेलाच नाही! हा युक्तिवाद ते अजून पोलिसापुढं करून बसलेले नाहीत, वहिनींपुढं केला आहे.

यशानं माणूस शांत बसत नाही. दादांनी मेहुण्याची स्प्लेंडर उद्यमनगरात नेली. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि हात झटकले. “ह्यात पुढचाबी ब्रेक ह्याच पेडलला जोडलाय. न्हाई जमायचं.” एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, तेव्हापासून मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही ऐकतं. मेहुणा मनातून खूश झाला. मिस्त्रीला त्यानं स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

आता बुलेटवर पेडल जागेवर आहे, पाय सुटा आहे. पण पाय पुढं गेले तशी कंबर मागं सरकली, म्हणून दादांनी रेक्झिनवाल्याकडून सीटचा बाक दोन इंच मागं ढकलून घेतला. रविवारी ज्योतिबाला निघताना वहिनी मागं बसायला गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

“अहो, मी बसू कुठं?”

दादांनी खिशातून टेप काढला आणि कॅरिअर मोजायला घेतलं.